डॅनिश आरमाराचें जलविमान : एक छोटी प्रतिकृति

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत डेन्मार्कच्या आरमारानें वापरलेल्या जलविमानांत हाइन्केल एच. ई. ८ याचें स्थान महत्त्वाचें आहे. मूळ आराखडा जर्मन. परंतु त्यांतील बरींच विमानें कोपनहेगनच्या आरमारी गोदींतच बांधण्यांत आलीं. डॅनिश दप्तरीं त्याचें नांव ‘एच. एम. २’ असें होतें.

या विमानाची प्रतिकृति करावयाची म्हणजे प्रथम प्रमाण ठरविणें आलें. बहात्तरास एक हें प्रमाण घेतल्यास मूळची १६.८० मीटर पंखविस्ताराची रुंदी सुमारें २३ सेंटिमीटरांवर येते. मात्र अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ विमानांत ३६ मिलिमीटरांची चूक होय! म्हणून पंखांच्या कडा व आधारदांड्या शक्य तितक्या बारीक घासाव्या लागतात. जाड राहिल्यास विमान खेळण्यासारखें दिसतें. नाकावरील जॅग्वार एंजिनाचीं चौदा सिलिंडरें सातसातांच्या दोन रांगांत बसवावयाचीं असतात.

खरी कसोटी तरंडांची. चाकांच्या जागीं दोन लांबट पोकळ तरंड असल्यामुळें सर्व भार बारीक दांड्यांवर पडतो. केवळ चिकटवलेला सांधा पुढें निखळतो. म्हणून दांड्यांच्या टोकांत तार रोवून ती तरंडांत खोवावी, आणि चिकट वाळेपर्यंत दोन्ही तरंड पुठ्ठ्याच्या सांच्यांत समांतर ठेवावे. तरंडांच्या तळाशीं एक पायरी असते, तीहि विसरतां कामा नये. वेग वाढतांच या पायरीमागें हवा शिरते, पाण्याची ओढ सुटते, आणि विमान वर उचललें जातें. पायरी नसलेला तरंड पाण्यास चिकटून राहील. शेवटीं तांबड्या-पांढऱ्या रंगांचीं राष्ट्रचिन्हें काढलीं कीं काम पुरें झालें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचें उत्तर ग्रीनलंडांत मिळतें. जेथें धांवपट्टी नव्हती, तेथें खाडीचें पाणी हीच धांवपट्टी ठरली. १९३२-३३ सालीं क्नूड रास्मुसेन यांच्या सातव्या थूले मोहिमेंत हाइन्केल जलविमानांतून आग्नेय किनाऱ्याचीं छायाचित्रें घेण्यांत आलीं. हेतु नकाशा काढण्याचा होता. त्याच मोहिमेंत आजारी पडून रास्मुसेन १९३३ च्या डिसेंबरांत निवर्तले. परंतु छायाचित्रें टिकलीं. पुढें २०१२ सालीं संशोधकांनीं तीं नव्या चित्रांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां समुद्रांत उतरणाऱ्या हिमनद्या एकविसाव्या शतकाच्या आरंभीं १९३० नंतरच्या दशकापेक्षां अधिक वेगानें मागें सरल्याचें, तर जमिनीवरच संपणाऱ्या अनेक हिमनद्यांच्या बाबतींत नेमकें उलट घडल्याचें दिसून आलें.

अर्थात् नकाशासाठीं उडालेलें विमान पुढें हवामानाच्या इतिहासाचें साक्षीदार ठरलें. कपाटांत ठेवलेली वीतभर लांबीची प्रतिकृति घरच्या मुलांना हें सांगूं शकली, तर करणाराचे कष्ट व्यर्थ गेले असें कोण म्हणेल?