जुनी व्हीटेक, नवी टर्बो : पायाची सवय मोडताना

विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राचा फोन आला, "व्याख्यान आहे की गाडी विकायचीय?" (हशा) दोन्हीपैकी पहिलंच. तेवीस वर्षं होंडा सिटी चालवली आणि गेल्या वर्षी टाटा कर्व्ह घेतली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, गिअर हातानेच बदलायचे. आयुष्यभर मी मुलांना इंजिन शिकवलं, आणि पहिल्याच आठवड्यात वणीच्या रस्त्यावर कळलं की ही गाडी आपल्याला चालवता येत नाही. का, ते शोधताना जी उजळणी झाली ती आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी जुन्या गाडीविषयी. २००० साली आलेली १.५ व्हीटेक सिटी ज्यांनी चालवलीय, त्यांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच हसू दिसतंय. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर, आणि ती मिळायची कुठे, तर ६८०० आरपीएमला. खाली गाडी साधीसुधी, वर गेली की वेगळीच. व्हीटेकमध्ये होतं काय, की ठराविक फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि इंजिन जास्त हवा आत घेतं. तो बदल कानाला कळतो. २००३ मध्ये पुढची सिटी आली ती ७७ हॉर्सपॉवरची, मायलेजवाली. म्हणून आम्ही जुने लोक जुन्या गाडीला चिकटून बसलो.

आता कूपे. शुद्धतावादी मंडळी म्हणतील, चार दारांची गाडी कसली कूपे? बरोबर आहे त्यांचं. फ्रेंचमध्ये कूपे म्हणजे कापलेलं. घोडागाडीचा एक भाग कापून दोघांपुरती केली, ती कूपे. आपल्याला हा शब्द रेल्वेमुळे माहीत आहे, पहिल्या वर्गातला दोन बर्थचा छोटा डबा. मोटारीत तो दोन दारं आणि मागे उतरतं छप्पर असा स्थिरावला. हल्ली उतरतं छप्पर तेवढं ठेवतात, दारं चार आणि उंची एसयूव्हीची. मला तक्रार नाही. मागे बसणाऱ्या उंच माणसाला विचारा.

खरा फरक बॉनेटखाली आहे. इंजिनाची ताकद म्हणजे शेवटी आत किती हवा जाते त्याचा हिशेब. हवा असेल तेवढंच पेट्रोल जळतं. जास्त हवा हवी तर दोन रस्ते. एक, इंजिन भराभर फिरवा, म्हणजे मिनिटाला जास्त श्वास. हा सिटीचा रस्ता. दुसरा, प्रत्येक श्वासात हवा दाबून भरा. हा टर्बोचा. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या वाटेत एक छोटं पातं बसवायचं, त्याच दांड्यावर दुसरं पातं, ते बाहेरची हवा दाबून आत ढकलतं. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. कल्पना जुनी आहे, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं होतं. आणि नाशिककरांना टर्बो नवा नाहीच. २००२ मध्ये आपल्या इथल्या कारखान्यातून निघालेली स्कॉर्पिओ टर्बो डिझेलच होती, आणि मायको सर्कलला ज्या कारखान्याचं नाव मिळालं, तिथे डिझेलचे नोझल पिढ्यान्‌पिढ्या बनतायत. पेट्रोलमध्ये मात्र टर्बो आपल्या घरोघरी उशिरा आला. कारण? २००६ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कर कमी. मग १२०० सीसीतच जास्त ताकद काढायची, तर टर्बो हवाच. कर्व्ह चार मीटरहून लांब आहे, तिला ती सवलत नाही, पण इंजिन त्याच विचारातून आलेलं.

आकडे बघू. कर्व्हच्या या इंजिनाचे १२० हॉर्सपॉवर. सिटीपेक्षा चौदा जास्त, आणि गाडी बरीच जड. मग फरक कुठे? टॉर्कमध्ये. १७० न्यूटन मीटर, आणि ते १७५० ते ४००० आरपीएमपर्यंत सलग. म्हणजे २००० आरपीएमलाच जवळजवळ ४८ हॉर्सपॉवर हातात. टर्बो नसलेलं चांगलं दीड लिटर इंजिन तिथे १२० न्यूटन मीटर देतंय असं धरलं, तर ३४ होतात. कसाऱ्याचा घाट चढताना ट्रकमागून गिअर न बदलता गाडी ओढते, ती या फरकामुळे.

घाटावरून आठवलं. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर राहतो. इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के कमी. म्हणजे माझी १०६ ची सिटी नाशिकला येऊन अठ्ठ्याण्णवच्या आसपासची व्हायची, आणि मी तेवीस वर्षं १०६ सांगत फिरलो! (हशा) टर्बो विरळ हवाही दाबून घेतो, त्यामुळे त्याचं नुकसान बरंच कमी.

आता वणीचा रस्ता. दिंडोरी सोडली, पुढे कांद्याचा ट्रॅक्टर. मी तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम तेराशेच्या आसपास. सिटी असती तर मी न सांगता दुसरा टाकला असता. पण डोक्यात बसलेलं, टर्बोला टॉर्क भरपूर, गिअर कशाला बदलायचा? पाय दाबला, गाडी उजवीकडे काढली. काहीच नाही. समोरून एसटी. मग एकदम धक्का बसावा तशी गाडी उसळली, तोवर मी घाबरून ब्रेक दाबला होता आणि परत ट्रॅक्टरच्या मागे आलो. बायको म्हणाली, "ट्रॅक्टर कुठे पळून चालला होता का?"

दोष गाडीचा नाही, मास्तरांचा. १७५० च्या खाली धूर कमी, धूर कमी म्हणून पातं मंद, पातं मंद म्हणून हवा कमी. दाब तयार व्हायला जो वेळ लागतो त्याला लॅग म्हणतात, हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलंय. एक सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं. पण तुम्ही ताशी ४० ने आणि एसटी ६० ने येत असेल तर मधलं अंतर त्या सेकंदात २७-२८ मीटरने कमी होतं. सिटीत ताकद कमी होती, पण पाय दाबला की लगेच उत्तर. पाऊल आणि इंजिन यांच्यातला तो भरवसा तेवीस वर्षांत इतका मुरला होता, की दुसऱ्या यंत्राची गती वेगळी असेल हे पायाला पटलंच नाही.

मग मी शिकलो ते असं. बाजूला निघण्याआधी खालचा गिअर टाकून आरपीएम दोन हजारांच्या वर आणायचे, टर्बो जागा करायचा, मगच निघायचं. आणि वर ताणायचं नाही. साडेपाच हजारांपुढे काही उरलेलं नसतं, तिथे सिटीची मजा सुरू व्हायची. जोरात घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर चालू ठेवतो. नव्या गाड्यांत गरज कमी आहे म्हणतात, पण तापलेल्या दांड्याला तेल मिळत राहिलेलं बरं. तेल बदलायची तारीख चुकवत नाही, टर्बोचं आयुष्य तेलावर. मायलेज? पाय हलका असेल तर छान. दाब वापरला की पेट्रोल जातंच, फुकट काही मिळत नाही.

प्रश्न : सर, जुनी गाडी विकली का?

नाही अजून. वीस वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ती गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोनतृतीयांश, तेवढं मायलेज पडतं. पण मला काळजी रबराच्या नळ्यांची, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि सील बदलून घेतलेत. वडील ८१ वर्षांचे आहेत, गाडी त्यांनी घेतलेली. दर रविवारी सोमेश्वरपर्यंत नेतो त्यांना. परवा मुद्दाम नवी काढली, तर गंगापूर रोडला लागल्यावर विचारतात, "अरे, चालू आहे ना ही?"