‘बॉर्न अगेन’ म्हणजे धर्मांतर का? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून समजून घ्या ख्रिस्ती धर्मातला ‘नवा जन्म’

सीबीडी बेलापूरहून लोकल पकडली आणि रील्स चाळायला घेतल्या की कधीतरी एखादी ‘साक्ष’ समोर येते. दारू सुटली, राग गेला, येशूमुळे माझा नवा जन्म झाला, असं कुणीतरी सांगत असतं. खाली कमेंट्समध्ये दोन तट पडलेले असतात. एक ‘आमेन’ लिहिणाऱ्यांचा, दुसरा ‘हा धर्मांतराचा प्रचार आहे’ म्हणणाऱ्यांचा.

पण धर्म बदलणं आणि नवा जन्म होणं या दोन्ही गोष्टी एकच आहेत का? पंडिता रमाबाईंचं उत्तर होतं, नाही. आणि ते त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून दिलं होतं.

ही कल्पना आली कुठून?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री येशूला भेटायला येतो. देवाचं राज्य पाहायचं तर नव्याने जन्मावं लागेल, असं येशू त्याला सांगतो. म्हातारा माणूस पुन्हा कसा जन्मणार, असा निकदेमचा साधा प्रश्न असतो. इथल्या मूळ ग्रीक शब्दाचे, ‘अनोथेन’चे, अर्थ दोन आहेत: ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. म्हणजे हा जन्म देवाकडून मिळणारा आहे.

आपण ज्याला पुनर्जन्म म्हणतो, तो हा नव्हे. पुनर्जन्म मृत्यूनंतर, दुसऱ्या देहात होतो. हा नवा जन्म याच देहात, याच आयुष्यात होतो.

मग बाप्तिस्मा कशाला?

इथे ख्रिस्ती पंथांमध्येच मतभेद आहेत. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्यातच नवा जन्म मिळतो. म्हणून वसईतल्या कॅथलिक घरांमध्ये तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो. इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल पंथांत मात्र आधी माणसाने स्वतः पश्चात्ताप करून विश्वास ठेवायचा आणि मग बाप्तिस्मा घ्यायचा, असा क्रम असतो. सोशल मीडियावरच्या ‘बॉर्न अगेन’ साक्षी बहुतेक याच परंपरेतल्या असतात.

रमाबाईंचं काय झालं?

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाई डोंगरे संस्कृतच्या विदुषी होत्या. कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लेक मनोरमासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली.

पण चर्चने सांगितलेलं सगळं मान्य करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्रैक्याच्या सिद्धांतावरून, चर्चच्या अधिकारावरून त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण ठेवायची नाही, यावर त्या ठाम होत्या.

पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्यांनी मोठी कबुली दिली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं. पाद्री म्हणून काम करत असताना आपलं परिवर्तन कसं झालं, हे त्यात त्याने लिहिलं होतं. पाद्र्यालाही नव्या जन्माची गरज पडू शकते, तर आपल्याला का नाही, हा विचार रमाबाईंना स्वस्थ बसू देईना.

म्हणजे धर्मांतर १८८३ मध्ये झालं, नवा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

बदल झाला, हे ओळखायचं कसं?

मनात काय घडलं, हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही. माणसाचं पुढचं आयुष्य मात्र दिसतं.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं होतं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं. इथे मुलींना ख्रिस्ती केलं जातं, या आरोपावरून १८९३ मध्ये ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनीही सल्लागार मंडळ सोडलं. हा वाद खोटा नव्हता. निराधार मुलीने आश्रयदात्या बाईचा धर्म स्वीकारला, तर तो निर्णय किती मुक्त, हा प्रश्न आजही विचारायलाच हवा.

पुढे दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुली-बायकांना दौंडजवळच्या केडगावला आणलं. तिथल्या ‘मुक्ती मिशन’मध्ये त्यांना लिहा-वाचायला आणि छपाईसारखी कामं करायला शिकवलं. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाई अखेरपर्यंत खपल्या. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं. मुक्ती मिशन आजही सुरू आहे.

प्रत्येकाचा वेग वेगळा

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. सोवळं-ओवळं, जातपात यांचा विचार त्यांच्या मनातून हळूहळू गळत गेला आणि १९०० मध्ये त्या स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हा सावकाश झालेला बदल पानोपानी दिसतो.

रीलमध्ये नवा जन्म साठ सेकंदांत होतो. रमाबाईंना तो उमगायला आठ वर्षं लागली, आणि तो जगून दाखवायला उरलेलं आयुष्य.