मागेल त्याला काम

तुमच्या आजीला विचारा, ‘बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आठवते का गं?’

बारामती-इंदापूरचा पुष्कळसा भाग पर्जन्यछायेतला. १९७२ साली पावसाने पाठ फिरवली. शेतं करपली, तशी शेतमजुरांची मजुरीही बुडाली. दुकानात धान्य असलं, तरी ते घ्यायला पैसा कुठला?

तेव्हा सरकारने राज्यभर दुष्काळी कामं काढली. माणसं खडी फोडू लागली, रस्ते आणि पाझर तलाव बांधू लागली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. मजुरी हातात पडली आणि चुली पेटल्या.

पण पुढच्या दुष्काळाचं काय? दर वेळी कुणाच्या दयेची वाट बघायची? वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ साली कायदा झाला. काम मागणं हा हक्क ठरला!

आणि पैसा? त्यासाठी १९७५ साली पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. मुंबईच्या कारकुनाचे चार रुपये असे इंदापूरच्या मजुराच्या चुलीपर्यंत पोचले.

२००५ साली देशानेही असाच कायदा केला. शेजाऱ्याची माया हवीच. पण तिला नियमाची जोड मिळाली, की ती अनोळखी माणसापर्यंतही पोचते.