बेस्ट : बसवाली आणि वीजवालीही

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी वीज देते ती 'बेस्ट'. लाल बस चालवणारी संस्थाच विजेचं बिलही धाडते, याचं मुंबईबाहेरच्यांना आजही नवल वाटतं. मूळ कंपनी १९०५ची. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे आली.

बेस्ट वीज बनवत नाही, विकत घेते. टाटा पॉवर तिची जुनी पुरवठादार. उपकेंद्रात ११० किंवा ३३ केव्ही दाबाची वीज ११ केव्हीवर उतरते, मग जवळच्या रोहित्रातून २३० व्होल्टची होऊन चाळीच्या जिन्याखालच्या मीटरपेटीत पोहोचते. हा प्रवास जमिनीखालच्या केबलमधून होतो. म्हणूनच गिरगावात घरांवरून विजेच्या तारा गेलेल्या दिसत नाहीत. वादळवाऱ्यात ही मोठीच सोय!

उपनगरांत मात्र वीज देतात अदानी आणि टाटा, तर भांडुप-मुलुंडला महावितरण.