थुबान: ध्रुवपद गमावलेला 'मंद' तारा खरंतर सूर्यापेक्षा किमान दीडशेपट तेजस्वी आहे

लग्नात सप्तपदी झाली की नवरा-नवरीला ध्रुवतारा दाखवायची पद्धत आहे. मुहूर्त दुपारचा असेल तर गुरुजी हॉलच्या छताकडेच बोट दाखवतात, ते सोडून द्या. भावना एवढीच, की ध्रुव जसा अढळ आहे तसा तुमचा संसार राहो.

पण खगोलशास्त्र सांगतं की ध्रुवपद काही अढळ नाही. साधारण 4,800 वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाच्या बरोबर वर आजचा ध्रुवतारा नव्हताच. तिथे होता थुबान. 1890 च्या दशकात हर्मान याकोबी या जर्मन अभ्यासकाने तर असं मांडलं की गृह्यसूत्रांमधल्या विवाहविधीतला ध्रुव म्हणजे थुबानच असावा. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण थुबान एकेकाळी ध्रुवपदावर होता, यात शंका नाही.

आज शहरातून हा तारा धड दिसतही नाही. मग त्याचं तापमान, आकार, वजन आपल्याला कसं कळलं? समजून घेऊ.

थुबान आहे तरी कुठे?

कालेय म्हणजे ड्रॅको या तारकासमूहात. थुबान हे नाव सापासाठीच्या अरबी शब्दावरून आलंय. त्याला या समूहातला 'अल्फा' तारा म्हणतात, पण तो समूहात सर्वांत तेजस्वी नाही. त्याची दृश्यप्रत सुमारे 3.7 आहे. दृश्यप्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. आजच्या ध्रुवताऱ्याची प्रत 2 च्या आसपास आहे, म्हणजे थुबान त्याच्यापेक्षा जवळपास पाचपट मंद दिसतो.

मग ध्रुवपद गेलं कसं?

यात थुबानचा काही दोष नाही. वेग कमी झाला की भोवरा जसा डुलायला लागतो, तसा पृथ्वीचा अक्षही अतिशय संथपणे डुलतो. एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास 26 हजार वर्षं लागतात. अक्षाचं टोक आकाशात ज्या ताऱ्याजवळ येईल, तो त्या काळाचा ध्रुवतारा. सुमारे 12 हजार वर्षांनी हा मान अभिजित ताऱ्याकडे जाईल.

मंद दिसतो, पण खरंच मंद आहे का?

अजिबात नाही. लांबचा हॅलोजन दिवासुद्धा मिणमिणताच वाटतो. म्हणून आधी अंतर कळायला हवं.

हात लांब करून अंगठा धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारेही असेच किंचित सरकलेले दिसतात. थुबानचं हे सरकणं किती? एका अंशाचे तीन लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढं! हिप्पार्कोससारख्या उपग्रहांनी असे सूक्ष्म कोन मोजले. त्यातून थुबानचं अंतर साधारण 300 प्रकाशवर्षं निघतं. म्हणजे आज रात्री तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा इथे पेशवाई होती.

निळसर-पांढरा का?

लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळसर, मग पांढरं. ताऱ्यांचंही तसंच. लालसर तारे त्या मानाने थंड, निळसर तारे तापलेले. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,800 केल्विन आहे, तर थुबानचं 10 हजार केल्विनच्या आसपास. म्हणजे सूर्याच्या सुमारे 1.7 पट.

इथे एक सोपा हिशेब करता येतो. ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. 1.7 चा चौथा घात आठच्या वर जातो. थुबानचा व्यास सूर्याच्या चार ते पाचपट आहे. नासाने 2020 मध्ये दिलेला 4.3 हा आकडा धरला, तर पृष्ठभाग सुमारे 18 पट होतो. 18 गुणिले 8, म्हणजे जवळपास दीडशे. ही खालची बाजू धरून. सूर्याच्या जागी थुबान असता तर पृथ्वीवर पाणीच उरलं नसतं.

फक्त चार-पाचपट, तरी 'राक्षसी' तारा?

खगोलशास्त्रात हा शब्द फक्त आकारावरून ठरत नाही. ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. ताऱ्याचे बाहेरचे थर फुगून विरळ झाले की तिथला दाब कमी होतो आणि हायड्रोजनच्या रेषा बारीक होतात. थुबानच्या रेषांवरून त्याला 'ए झीरो, वर्ग तीन' असं वर्गीकरण मिळालंय. त्यातला वर्ग तीन म्हणजे राक्षसी तारे.

त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे तीनपट आहे. इंधन जास्त, मग आयुष्यही जास्त असायला हवं ना? इथे उलटं होतं. जड तारे इंधन बेफाम जाळतात. सूर्य 450 कोटी वर्षांचा होऊनही मध्यमवयीन आहे, पण थुबानसारखा तारा 50 कोटी वर्षांच्या आतच आपल्या केंद्रातला हायड्रोजन संपवतो.

आणि तो एकटा नाही

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं की थुबानला एक जोडीदार आहे आणि दोघं 51.4 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. त्यांच्यातलं सरासरी अंतर सूर्य आणि बुधामधल्या अंतराहून थोडंसंच जास्त आहे. जोडीदार प्रमुख ताऱ्याच्या निम्म्या आकाराचा आहे.

पण हे तारे एकमेकांना ग्रहण लावतात, हे मात्र टेस या नासाच्या अंतराळ दुर्बिणीमुळे समजलं. जानेवारी 2020 मध्ये अँजेला कोकोस्का यांनी अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत ही माहिती मांडली. हजारो वर्षं माणसाच्या नजरेसमोर असलेल्या ताऱ्याची ही गोष्ट इतकी उशिरा का कळली?

कारण ग्रहण फक्त सहा तासांचं असतं. नेमकं तेव्हा दिवस असला किंवा ढग आले, तर जमिनीवरच्या दुर्बिणींना पत्ताही लागत नाही. अंतराळातल्या केप्लर दुर्बिणीची अडचण वेगळीच होती. अतिमंद तारे टिपण्यासाठी बनवलेल्या तिच्या सेन्सरसाठी थुबान फारच तेजस्वी होता! म्हणजे आपल्या डोळ्यांना मंद, आणि केप्लरला डोळे दिपवणारा.

तुम्हाला पाहायचाय?

पावसाळ्याआधी, एप्रिल-मेच्या रात्री शहराच्या दिव्यांपासून लांब जा आणि उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. तिथून लघुसप्तर्षीच्या टोकाच्या दोन ठळक ताऱ्यांकडे नजर न्या. साधारण अर्ध्या वाटेवर एक साधासा ठिपका दिसेल.

तोच थुबान. एकेकाळी अख्खं आकाश ज्याच्याभोवती फिरताना दिसायचं, तो.