पहारेकरी जागा आहे का?

मंडळी, पत्रिकेवर आमच्या नावापुढं ‘ज्ञान खरं कशावरून?’ असं छापलंय. तो विषय आम्ही सोडलेला नाही. पण शिंपल्याच्या जागी चांदी, दोरीच्या जागी साप ही उदाहरणं आम्ही वर्गात आयुष्यभर उगाळली. आज साखऱ्यातल्या नव्या घरांच्या बोर्डात दिसणारं उदाहरण घेऊ. मीटरशेजारी एक रुंद स्विच असतो, त्यावर ‘टी’ लिहिलेलं बारीक बटण. लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. आता मिळतो त्यावर आरसीसीबी छापलेलं असतं.

हे यंत्र फक्त जमाखर्च पाहतं. फेजच्या तारेनं जितका करंट गेला, तितकाच न्यूट्रलनं परत यायला हवा. दोन्ही तारा एका कड्यातून ओवलेल्या असतात. हिशेब जुळला तर कडं गप्प. पण काही करंट कूलरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गळाला, की दोन्ही तारांचा परिणाम एकमेकांना पुरता खोडत नाही. कड्यावरच्या बारीक गुंडाळीला ते कळतं आणि खटका पडतो. घरगुती यंत्राला ३० मिलिअँपिअर गळती पुरते. शेजारचा १६ अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंत निवांत असतो. तो तारा जळू नयेत म्हणून आहे, माणसासाठी नाही.

आपल्याकडं म्हणतात, ‘तो तारेला चिकटला.’ तार कुणाला धरत नाही. हाताचे स्नायू आवळतात आणि माणसाला मूठ सोडवत नाही. अमेरिकेत बर्कलीला चार्ल्स डॅलझिएल नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर हेच मोजलं. मूठ सोडवता येण्याची सरासरी मर्यादा पुरुषांची १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्याच डॅलझिएलांनी १९६१ साली तिकडचं गळती ओळखणारं यंत्र केलं. ते ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तोडतं. आपलं ३० वर; म्हणजे झटका बसतो, पण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज जाते. जीव वाचतो तो या वेळेमुळं.

भारतात विजेनं वर्षाला १०,००० हून जास्त माणसं मरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरांसाठी हे ३० मिलिअँपिअरचं संरक्षण आलं, पण लहान जोडण्या वगळून. आम्हाला हे पटलेलं नाही. दोन खोल्या, वर पत्रे, पावसाळ्यात ओलावणारी भिंत आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार ज्याच्या घरी, त्याची जोडणी लहानच असणार.

आता आमची लाज सांगतो. आमच्या घरी हे यंत्र अकरा वर्षं होतं. नातू सुट्टीत येणार म्हणून एक दिवस ते बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पंखा आपला फिरतोय. वायरमनला बोलावलं; तो म्हणाला, ‘सर, आतलं जाम झालंय.’ धूळ, दमट हवा, वाळलेलं ग्रीस आणि वर्षानुवर्षं न हललेला खटका. आम्हाला झोप लागली नाही ती निराळ्या कारणानं. ते कधी मेलं? गेल्या महिन्यात की दुसऱ्याच वर्षी? घरची मंडळी ओल्या पायांनी मशीनला हात लावत होती, आणि आम्ही ‘आपल्याकडं आहे ना’ म्हणून निर्धास्त. जागा पहारेकरी आणि मेलेला पहारेकरी, दोघेही सारखेच गप्प.

इथं आमचा विषय येतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळातच प्रमाण असतं. खोटं ठरवणारं काही पुढं येईपर्यंत ते खरंच धरावं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही. पाणी दिसलं तर जाऊन प्या, तहान भागली तर ज्ञान खरं. हे परतःप्रामाण्य. अकरा वर्षं आम्ही मीमांसक होतो. बटण हा न्याय आहे: ते दाबलं की थोडा करंट कड्याला वळसा घालून जातो. गळती खोटी, पण यंत्रापुरती खरी.

नैयायिकाला लगेच विचारतात, मग त्या परीक्षेची परीक्षा कोण घेणार? याला अनवस्था म्हणतात. गंमत अशी, की इंजिनिअरांनी तिला तोंड दिलं. माणूस बटण दाबत नाही हे ओळखून अमेरिकेच्या मानकानं २९ जून २०१५ पासून यंत्रानं स्वतःची तपासणी करावी अशी अट घातली. वीज आल्यावर पाच सेकंदांत आणि मग निदान दर तीन तासांनी ते आतल्या आत खोटी गळती तयार करून पाहतं. उत्तर आलं नाही तर वीज तोडतं, नाहीतर दिवा किंवा आवाजानं कळवतं. म्हणजे अनवस्था संपत नाही. फक्त मौनाचा अर्थ बदलतो. आधी गप्प म्हणजे ‘ठीक असावं’. आता बिघाड गप्प राहत नाही.

पण त्याच्याही भरवशावर झोपू नका. ही तपासणी आतलं इलेक्ट्रॉनिक डोकं तपासते. वीज न घालवता तपासायचं, तर खटका खरोखर उघडून कसा पाहणार? म्हणून त्यांनाही बटण ठेवलेलं आहे. न्यूट्रल तुटला तर अशा यंत्राची स्वतःची वीज जाते आणि फेज घरात जिवंत राहू शकतो. आणि बटण चाललं म्हणजे अर्थिंग चांगलं असंही नाही. त्याचा खड्डा वेगळा तपासायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे, पावसात सारखं पडतं म्हणून ‘डायरेक्ट’ करून घेणं. पडतंय म्हणजे कुठंतरी गळतंय. मोटारीची केबल, गीझर, ओला बोर्ड, एकेक काढून बघा. वायरमन डायरेक्ट करतो म्हणाला तर त्याला चहा द्या आणि दुसरा बोलवा.

साध्या यंत्राचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. बिलाच्या तारखेला दाबा, लक्षात राहतं.

हा माइकचा दांडा लोखंडी आहे आणि आम्ही तो तासभर धरून आहोत. बोर्डाजवळच्या त्या मुलानं आता ते बटण दाबावं. माइक गेला, तर प्रश्न बिनमाइकचे घेऊ.