नथीतला लाल खडा: खाणीतला की भट्टीतला?

गेले काही महिने आमच्या मिरकरवाड्यातल्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न सारखा येतोय. मोबाईलवर जुन्या दागिन्यांच्या जाहिराती येतात. शंभर वर्षांची ॲन्टिक नथ, अस्सल बसरा मोती, बर्मी माणिक, घराण्यातला दागिना, एकच नग शिल्लक. घरात लेकीचं लग्न ठरलेलं असतं, फोटो तर सुरेखच असतो. मग ताई विचारतात, गटातून अंतर्गत कर्ज काढून घेऊ का? तो पैसा सगळ्या जणींचा असतो, म्हणून आज यावर जरा सविस्तर बोलते.

आधी 'ॲन्टिक' हा शब्द बघू. सराफाच्या दुकानात ॲन्टिक म्हणजे बहुतेक वेळा फक्त पॉलिशचा प्रकार. सोन्यावर काळपट, मंद झाक दिली की झाला ॲन्टिक दागिना. तो गेल्या महिन्यात घडवलेला असू शकतो. खरोखर शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार करायचा तर 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. तेव्हा 'शंभर वर्षांची' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं तर परवाना विचारा. उत्तर काय येतं त्यावरून बरंच कळतं.

आता खड्याकडे येऊ. नकली म्हणजे काच, अशी आपली समजूत असते. पण खड्यांच्या तीन जाती आहेत, आणि घोटाळा मधल्या जातीत आहे. पहिला खाणीतला, निसर्गात तयार झालेला. तिसरा नुसता दिसायला सारखा, म्हणजे काच किंवा प्लास्टिक. मधला असतो तो माणसाने भट्टीत घडवलेला. हा काच नव्हे. खाणीतलं माणिक ज्या द्रव्याचं असतं, त्याच द्रव्याचं हेही असतं. म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड आणि लाल रंगासाठी किंचित क्रोमियम. कडकपणा तोच, वजन तेच, चकाकी तीच. इंग्रजीत याला सिंथेटिक म्हणतात. विकणारा जेव्हा 'रिअल', 'ओरिजिनल', 'जेन्युइन माणिक' असं लिहितो, तेव्हा भट्टीतल्या खड्यालाही तो शब्द चिकटवून मोकळा होतो. आपल्याला हवा असलेला शब्द एकच, 'नॅचरल', म्हणजे नैसर्गिक.

तुम्ही म्हणाल, जुन्या दागिन्यात कुठून येणार भट्टीतला खडा? पूर्वी कुठे होती अशी यंत्रं? होती. आणि ही गोष्ट आपल्या रत्नागिरीवरूनच चांगली समजते.

ब्रह्मदेशचा थिबा राजा 1885 मध्ये इंग्रजांकडून हरला आणि 1886 मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. ब्रह्मदेश म्हणजे जगातल्या उत्तम माणकांचा देश. मोगोकच्या खाणींतली माणकं राजाच्या खजिन्यात जायची. त्यातली काही रत्नं राजाने सोबत आणली होती, आणि इथे पैशांची ओढाताण होऊ लागली तेव्हा त्यातली बरीचशी विकलीही. थिबा पॅलेस बांधून झाला 1910 मध्ये, राजा वारला 1916 मध्ये. त्यामुळे 'थिबा राजाकडचं माणिक' असं सांगितलं की रत्नागिरीकराचे कान टवकारतात, आणि विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

पण राजा इथे असतानाच, 1902 मध्ये, फ्रान्समधल्या ऑग्युस्त व्हर्न्युई या रसायनशास्त्रज्ञाने माणिक बनवण्याची कृती जाहीर केली. ॲल्युमिनियमच्या भस्माची बारीक पूड प्रखर ज्योतीतून खाली सोडायची. ती वितळून थेंबाथेंबाने एका दांड्याच्या टोकावर साचते आणि काही तासांत बोटाएवढं लाल माणिक तयार होतं. थोड्याच वर्षांत कारखाने निघाले आणि हे खडे जगभर गेले. म्हणजे 1910-15 सालच्या नथीतही भट्टीतला खडा असू शकतो. खुद्द सोनारालाही कदाचित ते माहीत नसेल. दागिना जुना आहे, हा खडा खाणीतला असल्याचा पुरावा होत नाही. शिवाय जुन्या दागिन्यातला एखादा खडा पडतो, मग आजी-पणजी तो नवा बसवून घेतात. एकाच नथीत तीन काळातले खडे सापडतात, त्यात फसवणूक कुणाचीच नसते.

मग ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग लागतं. उजेडात खडा हळूहळू फिरवत आत बघायचं. भट्टीतलं माणिक थेंबाथेंबाने साचत गेलेलं असतं, म्हणून त्याच्या आत कमानदार, वळलेल्या बारीक रेषा दिसतात. तिसऱ्यांच्या शिंपल्यांवर असतात ना, तशा एकाआड एक. सोबत कधी हवेचे गोल बुडबुडे. खाणीतल्या माणकात रेषा असल्या तर त्या सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात, कमानदार कधीच नसतात. त्याच्या आत बारीक सुयांचं रेशमासारखं जाळं, भेगा, इतर खनिजांचे कण असा बराच पसारा असतो. म्हणून आरपार स्वच्छ, एकसारखा लाल, टपोरा खडा कुणी थोडक्या पैशांत देत असेल तर मला पहिली शंका येते ती त्याच्या स्वच्छपणाचीच. मात्र एक सांगून ठेवते. भट्टीतल्या चांगल्या खड्यातल्या रेषा दिसायला सोप्या नसतात. आपल्याला दिसल्या नाहीत म्हणजे खडा नैसर्गिक, असं होत नाही.

घरगुती परीक्षा बऱ्याच सांगितल्या जातात. खडा दुधात टाकला की दूध गुलाबी दिसतं, काचेवर ओढला की ओरखडा उठतो, नोटा तपासायच्या दिव्याखाली लालभडक पेटतो. दुधात तर लाल काचही तशीच दिसते. ओरखडा भट्टीतल्या खड्यानेही उठतो आणि दिव्याखाली दोन्ही पेटतात. या परीक्षांनी फार तर काच बाजूला पडेल. खाणीतला आणि भट्टीतला हा फरक त्यांनी कळत नाही, आणि ओरखडे काढून दागिना मात्र खराब होतो.

आणखी एक प्रकार म्हणजे खाणीतलंच, पण भेगाळलेलं, स्वस्त माणिक घेऊन त्याच्या भेगांत शिशाची काच भरतात. ते नैसर्गिक म्हणूनच विकलं जातं. भिंगाखाली भेगांमध्ये निळसर झाक आणि चपटे बुडबुडे दिसतात. अशा खड्याला लिंबाचा रससुद्धा सोसत नाही, भेगा पांढुरक्या होऊन वर येतात. आपल्याकडे दागिने लिंबू-चिंचेने घासायची सवय आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. खड्या-मोत्यांच्या दागिन्याला आंबट लावूच नका.

जुन्या दागिन्यात खडा पाठीमागून बंद असेल तर विशेष सावध राहायचं. खड्याखाली चमकदार रंगीत पत्रा ठेवायची पद्धत फार जुनी. दिसणारा रंग खड्याचा की पत्र्याचा, हे पाठ उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि शंभर वर्षांची म्हणून विकल्या जाणाऱ्या नथीत अमेरिकन डायमंड चमकत असेल, तर तो खडा बाजारात आला तो 1970 च्या दशकात. हिशेब तुम्हीच करा.

आता मोती. या विषयात आपण बंदरावरच्या बायका खरं तर जाणकार आहोत. तारली किंवा पेडवे साफ केले की हातावर रुपेरी चमक राहते, धुतली तरी लवकर जात नाही. त्या चमकीत ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. फ्रान्समध्ये 17व्या शतकात माशांच्या खवल्यांची हीच चमक काढून काचेच्या मण्यांना लावायला सुरुवात झाली आणि नकली मोती तयार झाले. अशा मोत्याचं भोक भिंगाखाली बघा. कडेला लेप सोललेला, पापुद्रे निघालेले दिसतात. दोन मोती एकमेकांवर अलगद घासले तर नकली गुळगुळीत सरकतात, खऱ्यांना किंचित खरखर लागते. दातावर घासायची रीत आहे, तिचा अर्थही तोच. पण परक्याच्या दागिन्याला दात कशाला लावायचे!

मात्र खरखर लागली म्हणजे बसरा मोती, असं समजू नका. ती खरखर कल्चर्ड मोत्यालाही लागते, कारण तोही शिंपल्यातलाच. फरक इतकाच की माणसाने शिंपल्यात मणी किंवा पेशींचा तुकडा ठेवून तो वाढवलेला असतो. जपानमध्ये 1893 मध्ये मिकिमोतो यांनी अर्धगोल मोती असे वाढवले आणि 1920 च्या दशकात गोल कल्चर्ड मोती बाजारात पसरले. त्याआधी इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती मुंबईच्या बाजारात यायचे, त्यांनाच आपण बसरा म्हणतो. आखातातला तो धंदा 1930 च्या सुमारास बसला. आज बाजारात येणारा खरा बसरा मोती हा कुणाच्या तरी जुन्या दागिन्यातून सुटलेला असतो. तो दोन-चार हजारांच्या नथीत मूठभर कसा मिळेल? कल्चर्ड मोत्याच्या भोकात उजेड सोडला तर कधी कधी आतला मणी आणि वरचा थर यांच्यामधली रेघ दिसते. गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत मणीच नसतो, तिथे रेघही नाही. नैसर्गिक की कल्चर्ड, हे खात्रीने सांगायला क्ष-किरण तपासणी लागते. कल्चर्ड मोती वाईट असतो असं मी म्हणत नाही, माझ्या मते नथीला तो छानच दिसतो. फक्त त्याला कल्चर्डचाच भाव द्यावा.

'पण ताई, हॉलमार्क आहे ना!' असं हमखास ऐकायला मिळतं. हॉलमार्क सोन्याचा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असलाच पाहिजे, आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. खड्यासाठी रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा वेगळा अहवाल लागतो. मुंबईत जीआयए, आयजीआय, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया अशा प्रयोगशाळा आहेत. अहवालाचा फोटो पाठवला म्हणून भागत नाही. त्यावरचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर आपण स्वतः टाकायचा आणि खड्याचं वजन, मापं जुळतात का ते बघायचं. अहवालात 'नॅचरल' आहे, 'सिंथेटिक' आहे की 'लॅबोरेटरी ग्रोन', ते वाचायचं, आणि खाली खड्यावर प्रक्रिया केल्याची नोंद आहे का तेही. वजन कॅरेटमध्ये असतं. हा कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, सोन्याच्या 22 कॅरेटशी त्याचा संबंध नाही. इथे कितीतरी जणी गोंधळतात.

गटाच्या दृष्टीने यात खरं दुखणं वेगळंच आहे. सोनेतारण कर्ज घ्यायला गेलं की खडे-मोत्यांचं वजन वजा करून फक्त सोनं धरतात. म्हणजे 'बर्मी माणका'साठी मोजलेले पैसे अडीनडीला उभे राहत नाहीत. म्हणून मी बैठकीत सांगते, कर्ज काढून घ्यायचंच असेल तर सोन्याच्या वजनासाठी घ्या, जाहिरातीतल्या खड्यासाठी नको.

तरीही मन बसलंच असेल, तर मासा घेतो तसं घ्या. कल्ला उघडून बघितल्याशिवाय आपण सुरमईला हात लावत नाही. दागिन्याचे मागून, भोकापाशी, दिवसाच्या उजेडात काढलेले व्हिडिओ मागा. 'नैसर्गिक आहे, अहवाल देतो, तसा न निघाल्यास परत घेतो' हे चॅटवर लेखी घ्या आणि जपून ठेवा. बिलावर खड्याचं नाव, 'नैसर्गिक' हा शब्द आणि वजन असू द्या. परस्पर खात्यावर किंवा यूपीआयवर आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबा. पार्सल उघडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढा.

जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क पडत नाही. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर लगेच 1930 ला कळवा, जितक्या लवकर तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आता याची दुसरी बाजू. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, हातात पैसा नसतो, आणि त्याच दिवसांत घरातले जुने दागिने बाहेर निघतात. पणजीची नथ, काळवंडलेली, मोती वेडेवाकडे, खडा आतून धुरकट. घेणारा म्हणतो, यात काही नाही, सोन्याचे तेवढे पैसे देतो. पण वेडावाकडा मोती आणि आतून धुरकट, सुयांनी भरलेला खडा हीच तर निसर्गाची खूण असू शकते. अशी नथ मोडायच्या आधी दुसऱ्या सराफाकडे भिंगाखाली बघून घ्या, शंका आली तर प्रयोगशाळेत पाठवा. तोवर ती मऊ कोरड्या कापडाने पुसून, सुती कपड्यात वेगळी गुंडाळून ठेवा. पैशांची नड असेल तर बैठकीत सांगा. नथ विकण्यापेक्षा गटाचं दोन महिन्यांचं कर्ज नक्कीच स्वस्त पडेल, आणि तो अर्ज मी आनंदाने पुढे ठेवीन.